चिंचेखालचा हंडा

आपल्या प्रत्येक घराण्यात एक चिंच असते. कुठे चिंचेऐवजी उंबर असतो, कुठे पडकी विहीर, कुठे नुसता दगडाचा ढीग. पण त्याच्याखाली हंडा असतोच. आजीने सांगितलेला असतो, आजीला तिच्या सासूने सांगितलेला असतो. रात्री हंडा खळखळतो, त्याच्यावर नाग बसलेला असतो, तो फक्त घराण्यातल्या एकालाच "दिसणार" असतो. गाव सोडून चाळीस वर्षे झाली, माणसे कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि ठाण्याच्या झोपडपट्टीत आली, तिथून बिल्डिंगमध्ये गेली, पण हंडा काही गावातून हलला नाही.

गोष्ट म्हणून आम्हालाही तिचे काही वाटत नाही. पोरांना झोपवायला ती बरी आहे. पण गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे या विषयावर एकापाठोपाठ पत्रे आली, आणि त्यातल्या एका पत्राने आमची झोप उडवली. म्हणून या आठवड्यात स्वयंपाकघर आणि मुलांचा अभ्यास बाजूला ठेवून जमिनीखालच्या धनावर लिहितो.

पत्र कल्याण पूर्वेच्या एका ताईंचे. नाव-गाव छापत नाही. त्या डोंबिवली एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जातात. सासरची जमीन शहापूर तालुक्यात, दोन एकर आणि पडके घर. थोरले दीर गावीच असतात. त्यांच्याकडे एक महाराज आले. त्यांनी जमिनीवर नारळ फिरवला, लिंबू ठेवले, आणि सांगितले की घराच्या मागच्या बाजूला सात हंडे आहेत, पूर्वजांनी पुरलेले. काढायला खर्च येईल. दोन्ही भावांनी मिळून पंच्याऐंशी हजार दिले. ताईंचे गळ्यातले गहाण पडले. तीन वेळा खणले. पहिल्यांदा विटा लागल्या, दुसऱ्यांदा कोळसा लागला, तिसऱ्यांदा काहीच नाही. मग महाराज म्हणाले, धन सरकते आहे, त्याला बांधायला घरात कोणी पायाळू आहे का? ताईंची धाकटी मुलगी, वय अकरा, पायाकडून जन्मलेली. तिला अमावास्येच्या रात्री अंजन घालून खड्ड्याशी बसवायचे ठरले. नवरा म्हणतो, नुसते बसायचेच तर आहे. ताई आम्हाला विचारतात, "आम्ही बौद्ध आहोत, पंचशील म्हणतो, पण मनात शंका येते की खरंच काही असलं तर? मुलीला पाठवू का?"

छापून उत्तर द्यायचे तर पंधरा दिवस जातात. अमावास्या आठ दिवसांवर होती. आम्ही त्यांना त्याच दिवशी फोन केला आणि सांगितले, पाठवू नका, मुलीला आजच मामाकडे नेऊन ठेवा, आणि विहारातल्या चार बायका बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. त्या गेल्या. तिथल्या अंमलदाराने आधी "हे तुमचं घरगुती भांडण आहे" म्हणून वाटेला लावायचा प्रयत्न केला. पण बरोबरच्या एका उपासिकेच्या पिशवीत कायद्याचे पुस्तक होते. त्याच्याविषयी पुढे लिहितो.

आधी पायाळूचे बघू. बाळंतपणात बहुतेक मुलांचे डोके आधी येते. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळंतपणांत तीन-चार मुले पायाकडून किंवा बसल्या स्थितीत येतात. पोटात फिरायला जागा कमी-जास्त असणे, जुळे असणे, वार खाली असणे, दिवस पुरे न भरणे, अशी त्याची कारणे डॉक्टर सांगतात. पूर्वी सुईणीच्या हाती असे मूल वाचणे कठीण, म्हणून जे वाचले त्याला लोकांनी विशेष ठरवले. कोणी म्हणाले त्याची लाथ बसली की पाठदुखी जाते, कोणी म्हणाले त्याच्यावर वीज पडते, कोणी म्हणाले त्याला जमिनीखालचे दिसते. एवढ्या पायाळू माणसांना सोने दिसत असते तर सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डातूनच देशाची तिजोरी भरली असती. आमच्या ओळखीचे दोन पायाळू आहेत. एक रिक्षा चालवतो, एक सेंट्रल रेल्वेत गँगमन होता. दोघांनाही चष्मा आहे.

हसण्यावारी नेण्यासारखा विषय मात्र हा नाही. वाचकांतल्या वयस्कर माणसांना परभणी जिल्ह्यातले मानवत आठवत असेल. १९७२ ते १९७४ या काळात त्या गावात स्त्रिया आणि लहान मुली एकामागून एक मारल्या गेल्या. तपासासाठी मुंबईहून अधिकारी पाठवावे लागले. गुप्तधन मिळावे आणि मूलबाळ व्हावे म्हणून हे बळी दिले, असा सरकार पक्षाचा आरोप होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणाला काय शिक्षा झाली, कोण सुटले, हा वेगळा विषय. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की खड्ड्याशी मुलगी "नुसती बसवण्याची" वाट कुठवर जाते. ज्या मुली मेल्या त्यांच्यात जहागीरदाराची लेक नव्हती. असल्या कामाला नेहमी गरिबाचेच मूल सापडते.

ही वाट कायद्याने बंद करायला आपल्या राज्याला किती वर्षे लागली हेही सांगतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर चारच दिवसांत सरकारने वटहुकूम काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याचे नाव फार लांब आहे, लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. सोबतच्या अनुसूचीत बारा गोष्टी दिल्या आहेत. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा पाणी शोधण्याच्या नावाखाली अघोरी कृत्य करणे, नरबळी देणे किंवा द्यायचा प्रयत्न करणे, तसा सल्ला देणे, चिथावणी देणे, हे सगळे त्यात येते. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षे, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलिसाने "आधी कोर्टातून ऑर्डर आणा" म्हणायचे नाही. कायद्यात दक्षता अधिकारीही नेमायचे आहेत, पोलीस निरीक्षकाच्या हुद्द्याचे. ठाण्यात गेल्यावर त्यांनाच भेटायचे. आमच्या उपासिकेने तेच पान उघडून टेबलावर ठेवले. अंमलदाराने वाचले, आत गेला, आणि मग खुर्च्या मिळाल्या.

आता ताईंच्या दुसऱ्या शंकेकडे येतो, कारण ती एकट्या त्यांची नाही. "खरंच काही असलं तर?"

असे बघा. धन पुरले जात होते, हे खोटे नाही. बँक नव्हती, पोस्ट नव्हते, पेंढारी होते, दुष्काळ होते, रातोरात गाव सोडावे लागत होते. ज्याच्याजवळ होते त्याने पुरले. पण ज्याच्याजवळ होते त्याने! आपल्या पूर्वजांजवळ काय होते? आपला वतनदार पूर्वज गावाची वेस राखायचा, मेलेले ढोर ओढायचा, सरकारी वसुलाची थैली तालुक्याला पोहोचवायचा. थैली दुसऱ्याची, डोके आपले. दामाजीपंताच्या गोष्टीतसुद्धा मोहरा घेऊन जाणारा विठू महारच आहे, आणि मोहरा पोहोचवून तो रिकाम्या हाती परत जातो. आपल्या बायकांच्या अंगावर सोने तर सोडाच, कथलाचे आणि पितळेचे दागिनेही जात ओळखू यावी म्हणून असत. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या मायबहिणींना ते दागिने टाकून द्या, लुगडी नीट नेसा, असे सांगितले ते कशासाठी? ज्या घरात भाकरीचा तुकडा बलुत्यातून यायचा, त्या घरच्या खापरपणजोबाने सात हंडे पुरले, हे महाराजांनी सांगितले आणि आपण मान डोलावली. आपल्याच पूर्वजांची उपासमार आपण विसरलो, म्हणून तर डोलावली.

तर मग ठाणे जिल्ह्याच्या मातीत पुरलेले काहीच नाही काय? आहे. भरपूर आहे. आणि जे निघाले आहे त्याची हकिकत कुठल्याही महाराजांच्या हंड्यापेक्षा मोठी आहे.

ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे सन १०१७. त्यावर काय लिहिले होते? जमिनीचे दान. कोणाला दिले असेल हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. ज्याला जमीन मिळाली त्याचा कागद तांब्याचा होता, म्हणून तो पावणेआठशे वर्षे मातीत टिकला. कागदाची ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

पण खरा ठेवा निघाला तो सोपाऱ्याला. नालासोपारा आज पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत तो आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. बुद्धाच्या काळापासून हे बंदर पाली ग्रंथांत सुप्पारक म्हणून येते. पुण्ण थेर इकडचाच. स्टेशनच्या पश्चिमेला गावाबाहेर विटा-मातीची एक टेकडी होती. लोक तिला बुरुड राजाचे कोट म्हणत. म्हणजे टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचा किल्ला. खाली काय आहे हे विसरले गेले तरी गावाने ती जागा कष्टकऱ्याच्या नावाने ठेवली होती, हे आम्हाला फार आवडते.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे आले. मूळ जुनागढचे, शिलालेख वाचण्यात त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळी विरळा. त्यांनी टेकडीचा घाट बघितला आणि ओळखले की हा किल्ला नव्हे, स्तूप आहे. त्यांनी ना नारळ फिरवला ना अंजन घातले. त्यांनी मजूर लावून मधोमध सरळ खाली खणायला घेतले. खाली विटांच्या कोठडीत दगडाचा मोठा गोल करंडक सापडला, दोन भागांचा, वर झाकण. झाकण उचलले तर आत मधोमध तांब्याचा करंडा, आणि त्याच्या भोवती वर्तुळात बसलेल्या आठ छोट्या मूर्ती, सगळ्यांची तोंडे त्या करंड्याकडे. सात मागचे बुद्ध, विपस्सीपासून गौतमापर्यंत, आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय.

तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. सोबत सोन्याची बारीक बारीक फुले, आणि यज्ञश्री सातकर्णी राजाचे चांदीचे एक नाणे. आणि सगळ्यांत आत, त्या सोन्याच्या डबीत, जिथे महाराजांच्या हिशेबाने हिराच असायला हवा, तिथे काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून श्रद्धेने ठेवलेल्या.

वाचक हो, थोडे थांबून बघा. सोने हे आवरण, खापरी हा ठेवा. ज्यांनी हे पुरले ते वेडे नव्हते. सोपारा हे व्यापाऱ्यांचे बंदर, सोन्याचा भाव त्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे, आणि मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या सहाशे-सातशे वर्षांत कोणीतरी तो स्तूप उघडला, सोने बघितले, आणि न्यायचे सोडून उलट त्यात आठ मूर्तींची भर घालून पुन्हा बंद केला. असे खणणारेही या जिल्ह्यात होऊन गेले.

भगवानलालांनी जे निघाले त्याची नोंद केली, चित्रे काढली, छापून प्रसिद्ध केले. त्या वस्तू मुंबईत टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहेत. खड्डा खणायची रीत असते ती ही. काय, कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी, हे लिहून ठेवले तर खापरीतूनही इतिहास निघतो. रात्री कंदील लावून खणले तर सोन्यातूनही निघत नाही, फार तर तुरुंग निघतो.

त्याच साली सोपाऱ्याच्या भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजे लोक शिकारीला आणि मौजेला फिरत, आपण धम्मासाठी फिरतो, बोधीच्या ठिकाणी जातो, म्हाताऱ्यांना भेटून सोने वाटतो, असे त्या लेखात राजा सांगतो. जमिनीत पुरत नाही, म्हाताऱ्यांना वाटतो! आणि नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावाला मिळाला तो १९५६ साली. ते साल आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो: १९५६. नागपूरला आपली माणसे दीक्षेसाठी जमली त्याच वर्षी. त्या लेखाचा विषय काय, तर लोक आजारपणात, लग्नात, मूल झाले की, प्रवासाला निघाले की नाना तऱ्हेचे विधी करतात, ते बहुतेक बिनकामाचे. नोकर-चाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, प्राण्यांवर दया आणि दान, हेच खरे मंगल. सम्राटाने त्यात बायकांना टोमणा मारला आहे, की असले फुटकळ विधी बायकाच फार करतात. इथे मात्र आमचे सम्राटाशी पटत नाही. आमच्याकडे आलेल्या सगळ्या पत्रांत खणणारे पुरुष आहेत आणि गळ्यातले गहाण पडले आहे ते बायकांचे.

कल्याणचाही एक दाखला देतो, म्हणजे आमच्या कल्याणकरांना राग नको. कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्याजवळ लेख आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने ते टाके दान दिले. सोनारच तो, पुरून ठेवायला त्याच्याजवळ सोन्याची काय वाण? त्याने कातळ खोदवला आणि त्यात पाणी साठवले.

आपण घरी मंगलसुत्त आणि रतनसुत्त म्हणतो. ती दोन्ही सुत्ते खुद्दकपाठ नावाच्या लहानशा पुस्तकात आहेत. त्याच पुस्तकातले आठवे सुत्त निधिकंडसुत्त, आणि त्याचा विषयच पुरलेले धन हा आहे. माणूस धन का पुरतो याची जी कारणे तिथे दिली आहेत ती वाचून आम्ही चकित झालो. राजाचा दंड, चोर, कर्ज, दुष्काळ, संकट. आपल्या घरातल्या काळज्यांची यादीच. आणि ते धन पुढे का सापडत नाही याचीही कारणे आहेत: जागेवरून हलते, आठवण राहत नाही, किंवा नावडते वारसच उपसून नेतात. म्हणून दान, शील, संयम यांचा ठेवा करा, तो कोणी चोरत नाही, असे ते सुत्त सांगते. पुढच्या पौर्णिमेला विहारात ते अर्थासह वाचावे. आम्ही हे आमच्याकडून प्रवचन म्हणून सांगत नाही. पंच्याऐंशी हजारांचे कर्ज असलेल्या बाईला प्रवचन देणारे लोक आम्हाला आवडत नाहीत.

त्या बाईला उपयोगी पडेल ते सांगतो.

पत्रात एक ओळ होती, ताईंनी सहज लिहिलेली. महाराजांबरोबर एक "पार्टनर" येत होता, खणण्याचा खर्च तोच करणार होता, आणि त्याने थोरल्या दिरांचे स्टॅम्पपेपरवर अंगठे घेतले होते. कशावर घेतले ते कोणी वाचले नाही. आम्ही ती ओळ तीनदा वाचली. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. आमणे ते इगतपुरी हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. ज्या माळावर पूर्वी गुरेही चरायला जात नव्हती, तिथे आज दलाल चरतात. आता सांगा, सात हंडे कुठे आहेत? दोन एकराच्या खाली, की ते दोन एकरच?

आम्ही ताईंना विचारले, जमीन कसली? म्हणाल्या, वतनाची. तर हे सगळ्यांनीच लक्षपूर्वक वाचावे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासाठी बिल मांडले होते. वतन म्हणजे थोड्या जमिनीच्या मोबदल्यात अख्ख्या घराण्याची गुलामी, हे त्यांनी तेव्हा मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली, १९५९ च्या ऑगस्टपासून अंमल सुरू झाला, आणि ठरलेली रक्कम भरून जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या. पण नवीन शर्तीवर. म्हणजे सातबाऱ्यावर तशी नोंद असते, इनाम वर्ग ६-ब असा शेरा जुन्या कागदांत सापडतो, आणि अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. थोरल्या भावाने एकट्याने अंगठा दिला म्हणून धाकट्याचा, बहिणींचा हक्क जात नाही. तेव्हा खणायचेच असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात खणा. सातबारा काढा, जुने फेरफार काढा, रीग्रँटचा हुकूम काढा. अर्ज करून, ठरलेली फी भरून प्रमाणित नकला मिळतात. देत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. त्या नकलांवर आजोबांचे, पणजोबांचे नाव दिसते. आम्ही पुष्कळांना ते नाव पहिल्यांदा वाचताना बघितले आहे. त्या वेळी माणूस बोलत नाही, बोटाने त्या नावावर हात फिरवतो.

ताईंनी नकलांसाठी अर्ज केला आहे. दीर अजून रागावलेलेच आहेत. "तुम्ही पोलीस आणले म्हणून धन गेलं," असे म्हणतात. नवरा मात्र मुलीला मामाकडून आणायला स्वतः गेला.

आता समजा, पाया खणताना, विहीर उपसताना कोणाला खरोखरच काही सापडले तर? त्यालाही कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा, १८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काहीही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. काय सापडले, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा हमी द्यायची. मग जाहीर नोटीस निघते. कोणी मालक पुढे आला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन घेते. लपवले तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूर्ती, नाणी, शिलालेख असतील तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो, परवान्यावाचून विकता येत नाहीत. म्हणजे कायद्याने चालणाऱ्याला बहुतांश वाटा मिळतो. महाराजांच्या वाटणीत तो किती मिळतो, हे विचारून बघा.

जाता जाता दोन टोळ्यांविषयी. पहिली टोळी ठाणे-कल्याण पट्ट्यात दुकानदारांना आणि एकट्या बायकांना गाठते. मळक्या कपड्यांतले दोघे-तिघे येतात, कधी एखादी म्हातारी बरोबर असते. खोदकामात सोन्याची माळ सापडली, आम्ही अडाणी, विकायची कशी, म्हणतात. नमुन्याचे दोन मणी देतात, ते सोनाराकडे खरे निघतात. मग लाखभर घेऊन उरलेली माळ देतात, ती पितळेची. दुसरी टोळी मांडुळाची. दुतोंड्या म्हणून ज्या गरीब बिनविषारी सापाला लोक ओळखतात, तो गुप्तधन दाखवतो म्हणून त्याचा लाखोंचा सौदा होतो. त्याला दोन तोंडे नाहीत, शेपूट बोथट आहे एवढेच. तो शेतातले उंदीर खातो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला नुसता पकडणेही गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो सौदा करणारा शेठ नव्हे, पिशवी धरून उभा असलेला आपला पोरगा.

ज्यांना खरोखर काही शोधायचे आहे त्यांनी आधी घरातली पत्र्याची पेटी उघडावी. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत काम करून गेलेल्या वडिलांची जुनी पासबुके, पोस्टाची पुस्तके, विम्याच्या पावत्या, फंडाचे चिटोरे त्यात असतात. बँकेच्या ज्या खात्यावर दहा वर्षे कोणी व्यवहार केला नाही, त्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. पण ती बुडत नाही. वारसाने त्याच बँकेत जाऊन मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि वारसाचे कागद दिले तर व्याजाच्या नियमाप्रमाणे परत मिळते. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाची सोय काढली आहे, तिच्यावर खातेदाराचे नाव घालून पुष्कळ बँकांतल्या अशा ठेवी एकदम शोधता येतात. घरात कॉलेजला जाणारे पोर असेल तर त्याला बसवा, मोबाईलवर होते. आजोबांच्या नावाचे स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघावे, कारण जुन्या कारकुनांनी आपली नावे मनाला येतील तशी लिहिली आहेत. आडनाव न लिहिता नुसते बापाचे नाव लिहिलेली खातीही असतात.

आणि डब्यांत, उशांत नोटा दडवणाऱ्या आयांनो, ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र विसरू नका. तांदळाच्या डब्यातून निघालेल्या पाचशेच्या जुन्या नोटा घेऊन आपल्या कितीतरी बायका बँकेच्या रांगेत उभ्या होत्या. वर्षभराने ज्यांना सापडल्या त्यांच्या हाती कागद उरला.

सोपाऱ्याचा स्तूप बघायला जायचे असेल तर डोंबिवली-कल्याणच्या मंडळींनी दादरला वळसा घालायलाच पाहिजे असे नाही. दिवा-वसई गाडीने वसई रोडला उतरावे, तिथून विरार लोकलने नालासोपारा, मग पश्चिमेला रिक्षा. गाड्या थोड्या आहेत, वेळ बघून निघावे. पाणी आणि डबा बरोबर घ्यावा. लहान मुलांना जरूर न्यावे, पायाळू असतील तरी.